‘असणे’ आणि ‘जाणे’ : पोर्तुगीज ‘ईर’ या क्रियापदाच्या निमित्ताने

पोर्तुगीज भाषेत ‘जाणे’ या अर्थी ‘ईर’ हे क्रियापद आहे आणि ‘असणे’ या अर्थी ‘सेर’. परंतु पूर्ण भूतकाळात या दोन क्रियापदांची रूपे अक्षरशः एकच होतात. ‘फुइ’ म्हणजे ‘मी गेलो’ आणि ‘फुइ’ म्हणजेच ‘मी होतो’, ‘फोइ’ म्हणजे ‘तो गेला’ आणि ‘तो होता’ही, ‘फोरांव’ म्हणजे ‘ते गेले’ किंवा ‘ते होते’. रोजच्या बोलण्यात यामुळे कोणाची फसगत होत नाही, कारण ‘फुइ आ लिस्बोआ’ या वाक्यात पुढे आलेल्या स्थळामुळे ‘लिस्बनला गेलो’ हा अर्थ ठरतो, तर ‘फुइ प्रोफेसोर’ या वाक्यात विधेयस्थानी आलेल्या नामामुळे ‘शिक्षक होतो’ हा अर्थ ठरतो. क्वचित मात्र वाक्यही निर्णय देत नाही. ‘फोइ आ मिन्या काझा’ या शब्दांतील ‘आ’ हे दिशादर्शक अव्यय मानले तर ‘तो माझ्या घरी गेला’ असा अर्थ होतो आणि तेच ‘आ’ नामाआधी येणारे स्त्रीलिंगी उपपद मानले तर ‘ते माझे घर होते’ असा अर्थ होतो. अशा वेळी मागचापुढचा संदर्भ पाहण्यावाचून गत्यंतर नसते.

व्याकरणाच्या पुस्तकात ही गोष्ट अनियमित रूपांच्या तक्त्यात नोंदवून संपते. तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने मात्र तिच्यामागे एक जुना प्रश्न उभा आहे. वस्तू किंवा व्यक्ती आधी ‘असते’ आणि मग तिच्या ठिकाणी ‘जाणे’ ही क्रिया घडते, की जाण्यापासून वेगळे काढता येईल असे ‘असणे’ मुळात सापडतच नाही, हा तो प्रश्न होय. ग्रीक परंपरेत पार्मेनिडीसने सत्तेला गतिहीन मानले आणि हेराक्लायटसच्या नावाने सर्व काही प्रवाही असल्याचा सिद्धांत रूढ झाला. भारतात हा वाद उपनिषदे, जैन आगम आणि बौद्ध माध्यमिक मत यांच्यामधून निरनिराळ्या परिभाषांत चालत आला. या वादात पोर्तुगीज क्रियापदाला साक्षीदार म्हणून कितपत बोलावता येईल, याचा विचार करण्यापूर्वी त्या क्रियापदाची वंशावळ पाहणे आवश्यक आहे.

‘ईर’ हे एक क्रियापद दिसत असले तरी त्यात लॅटिनमधील तीन क्रियापदे मिसळली आहेत. मूळ धातुरूप ‘ईर’, अपूर्ण भूतकाळातील ‘ईया’ (जात होतो, जात असे) आणि भविष्यकाळातील ‘इरेय’ (जाईन) ही रूपे ‘इरे’ या लॅटिन क्रियापदापासून आली. वर्तमानकाळातील ‘वो’ (जातो), ‘वाय’ (तो जातो), ‘वांव’ (ते जातात) ही ‘वादेरे’ या दुसऱ्या क्रियापदापासून आली. आणि पूर्ण भूतकाळातील ‘फुइ’ हे रूप तर ‘असणे’ या अर्थाच्या ‘एस्से’ या क्रियापदाचे आहे. जो एखाद्या ठिकाणी ‘होऊन आला’ तो तेथे गेलेला असलाच पाहिजे, या साध्या अनुमानाच्या वाटेने ‘होतो’ या रूपाकडे ‘गेलो’ हा अर्थ आला. भिन्न धातूंची रूपे एका क्रियापदाच्या तक्त्यात नांदणे मराठी वाचकाला अपरिचित नाही, कारण मराठीतील ‘जातो’ संस्कृत ‘या’ धातूचा आहे आणि ‘गेला’ हे ‘गम्’ धातूच्या ‘गत’ या रूपावरून आले आहे. त्याहून लक्षणीय गोष्ट अशी की लॅटिन ‘फुइ’मधील ‘फु’ आणि संस्कृत ‘भू’ ही एकाच प्राचीन धातूची रूपे आहेत, आणि मराठी ‘होणे’ त्याच ‘भू’पासून आले आहे, म्हणजे पोर्तुगीज माणूस ‘गेलो’ म्हणताना जे रूप वापरतो ते व्युत्पत्तीने ‘जाणे’चे नसून ‘होणे’चे भावंड ठरते.

‘सेर’ची कथाही तितकीच मिश्र आहे. त्याचे मूळ धातुरूप आणि ‘असो’ या अर्थाचे ‘सेझा’ हे रूप ‘सेदेरे’ म्हणजे ‘बसणे’ या लॅटिन क्रियापदापासून आले, आणि तात्पुरत्या अवस्थेसाठी वापरले जाणारे दुसरे अस्तित्ववाचक क्रियापद ‘इश्तार’ हे ‘स्तारे’ म्हणजे ‘उभे राहणे’ यापासून आले. बसणे, उभे राहणे आणि जाणे या तीन देहक्रियांच्या आधाराने पोर्तुगीजमध्ये अस्तित्व बोलले जाते. कुशलप्रश्नही गतीच्याच भाषेत विचारला जातो: ‘कोमु वाय?’ म्हणजे शब्दशः ‘कसे जाता?’, आणि त्याचे पोर्तुगालमधील ठरलेले उत्तर ‘वाय-स आंदांदु’, म्हणजे ‘चाललंय आपलं’. या उत्तराला कर्ता नाही. कोण चालले आहे हे सांगण्याची गरज भाषेला वाटत नाही, आणि मराठीलाही वाटत नाही.

एवढी सामग्री हाती आली की तिच्यावरून पोर्तुगीज लोकांचे जीवनदर्शनच काढून दाखवण्याचा मोह होतो. समुद्रावर निघालेल्या या राष्ट्राला असणे आणि जाणे एकच वाटले, असे एखादे सुबक विधान करता येईल. ‘सौदादे’ या विरहभावनेच्या शब्दावर अशा सुबक विधानांचे केवढे तरी साहित्य उभे राहिले आहे आणि त्यातील पुष्कळसे पर्यटनाच्या जाहिरातीपलीकडे जात नाही. परंतु स्पॅनिशमध्येही हीच दोन क्रियापदे पूर्ण भूतकाळात एकरूप होतात आणि तेथून कोणी निराळे दर्शन निघाल्याचे म्हणत नाही. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ एमील बेन्व्हेनिस्त यांनी 1958 साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात ॲरिस्टॉटलने सांगितलेले दहा पदार्थ (म्हणजे कोणत्याही वस्तूविषयी जे काही बोलता येते त्याचे दहा प्रकार) हे वास्तविक ग्रीक व्याकरणातील कोटींचे प्रतिबिंब असल्याचे दाखवले, आणि पश्चिम आफ्रिकेतील एवे भाषेत ‘असणे’चे काम अनेक क्रियापदे वाटून घेतात हे उदाहरण देऊन, ‘सत्ता’ हा एकसंध विषय मानण्याची सोय ग्रीक क्रियापदाने करून दिली होती असे सुचवले. या निबंधावर पुढे बरीच टीका झाली. तरी त्यातील इशारा दुहेरी आहे. भाषा विचाराला वाट दाखवते हे खरे असले, तरी भाषेतील योगायोगाला सिद्धांताचा दर्जा देता येत नाही, आणि हाच नियम पोर्तुगीजलाही लागू केला पाहिजे.

म्हणून ‘फुइ’ला प्रमाण मानण्याऐवजी ते प्रश्नाची नेमकी जागा दाखवणारे चिन्ह मानणे अधिक योग्य होय. दोन क्रियापदे एकरूप होतात हे खरे, पण ती सर्वत्र एकरूप होत नाहीत. वर्तमानकाळात ‘सो’ (आहे) आणि ‘वो’ (जातो) स्वच्छ वेगळे आहेत. अपूर्ण भूतकाळात, म्हणजे क्रिया चालू असल्याचे किंवा सवयीची असल्याचे सांगणाऱ्या रूपांत, ‘एरा’ (होता, असे) आणि ‘ईया’ (जात होता, जात असे) हेही वेगळे आहेत. भेद नाहीसा होतो तो क्रिया संपल्याचे सांगणाऱ्या रूपांत. यावर एक आक्षेप येईल: ‘से एउ फोर’ हे संकेतार्थी रूप भविष्याविषयी आहे, त्याचा अर्थ ‘मी गेलो तर’ किंवा ‘मी असलो तर’ असा होतो, आणि तेथेही दोन्ही क्रियापदे एकच आहेत, तेव्हा समाप्तीचा संबंध कोठे राहिला? आक्षेप रास्त आहे, पण त्याचे उत्तर इतिहासात मिळते. ‘फोर’, तसेच ‘फोस्स’ आणि ‘फोरा’ ही सर्व समान रूपे लॅटिनच्या पूर्णत्वदर्शक अंगापासून निघाली आहेत, म्हणजे ‘झालेले असणे’ सांगणाऱ्या अंगापासून. भविष्याविषयीचे ‘फोर’देखील मुळात ‘झालेले असेल तर’ असेच बोलत होते. मराठीतही ‘गेलो तर’ म्हणताना भविष्यासाठी भूतकाळाचेच रूप लागते, ही गोष्ट येथे ध्यानात घेण्यासारखी आहे.

हा भेद ॲरिस्टॉटलच्या एका विवेचनाशी जुळवून पाहता येतो. ‘मेटाफिजिक्स’च्या नवव्या भागात त्याने ‘किनेसिस’ आणि ‘एनेर्गेया’ असा फरक केला आहे. किनेसिस म्हणजे ज्या क्रियेचे साध्य तिच्या बाहेर असते आणि ते साधताच जी क्रिया थांबते ती क्रिया, उदाहरणार्थ चालणे किंवा घर बांधणे. एनेर्गेया म्हणजे जिचे साध्य तिच्यातच असते ती, उदाहरणार्थ पाहणे, विचार करणे, जगणे. दोन्हींची परीक्षा त्याने काळाच्या रूपांनी केली: जो पाहतो त्याने त्याच क्षणी पाहिलेलेही असते, पण जो घर बांधत आहे त्याने ते घर बांधलेले नसते. जाणे या परीक्षेत किनेसिसच्या बाजूला पडते, कारण जोवर कोणी जात आहे तोवर तो पोहोचलेला नाही. परंतु जाणे पूर्ण झाले की ही उणीव उरत नाही; गेलेला माणूस ‘गेलेला’ असण्यात काही कमी नसते, आणि तेव्हा त्याचे जाणे त्याच्या असण्याइतकेच पुरते झालेले असते. असणे आणि जाणे यांच्यातला भेद हा अपुरेपणाचा भेद आहे, आणि अपुरेपणा संपला की भेद सांगण्याचे साधनही संपते. पोर्तुगीज व्याकरणाने हे सिद्ध केले असे म्हणता येणार नाही. पण जेथे हे घडावे असे तर्क सुचवतो, नेमके तेथेच त्या भाषेत ते घडले आहे.

हाच धागा नागार्जुनाने फार पूर्वी आणि फार कठोरपणे पकडला होता. इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकातील या बौद्ध आचार्याच्या ‘मूलमध्यमककारिका’ या ग्रंथातील दुसरे प्रकरण गतीच्या परीक्षेला वाहिलेले आहे आणि त्याची सगळी मांडणी व्याकरणातील तीन रूपांवर आहे: गत म्हणजे जाऊन झालेले, अगत म्हणजे अद्याप न गेलेले, आणि गम्यमान म्हणजे जाणे चालू असलेले. जाऊन झालेल्या वाटेवर जाणे चालू नसते, न गेलेल्या वाटेवर ते सुरू झालेले नसते, आणि या दोहोंहून वेगळी अशी ‘जाणे चालू असलेली’ वाट दाखवता येत नाही. त्याचप्रमाणे जाण्यावाचून जाणारा नाही आणि जाणाऱ्यावाचून जाणे नाही, मग दोघांपैकी आधी कोण? असणाऱ्या कर्त्याच्या ठिकाणी जाण्याची क्रिया चिकटते ही नेहमीची समजूत येथे उखडली जाते. बुद्धाला लावलेले ‘तथागत’ हे पद या संदर्भात विशेष बोलके आहे, कारण त्याचा विग्रह ‘तसा गेलेला’ असाही केला जातो आणि ‘तसा आलेला’ असाही. आणि असा गेलेला मरणोत्तर ‘असतो’ की ‘नसतो’ या प्रश्नाचे उत्तर बुद्धाने दिले नाही, तो प्रश्न अव्याकृत, म्हणजे खुलासा न केलेला, म्हणून बाजूला ठेवला. जैन विचाराने उलट मार्ग घेतला: गतीला साहाय्य करणारे धर्मास्तिकाय नावाचे स्वतंत्र द्रव्य त्याने मानले आणि मुक्त जीव लोकाच्या माथ्यापर्यंतच जातो, पुढे हे द्रव्य नसल्याने जात नाही, असे सांगितले. एकाने गती नाकारली आणि दुसऱ्याने तिला द्रव्याचा आधार दिला, तरी दोघांनाही ‘गती’ या शब्दाचा तो जुना दुहेरी अर्थ टाळता आला नाही, ज्यामुळे मराठीत ‘गत’ म्हणजे दशा आणि ‘सद्गती’ म्हणजे मरणोत्तर चांगली अवस्था असे अर्थ सहज नांदतात.

पोर्तुगीज भाषेचा स्वतःचा धर्मविचार अर्थातच कॅथलिक आहे, आणि त्यात जाण्याला ठरलेले स्थान आहे. मध्ययुगीन ईश्वरविद्येत जिवंत मनुष्याला ‘विआतोर’, म्हणजे वाटसरू, असे म्हटले आहे. मृत्यूबरोबर वाटेवरची अवस्था संपते आणि ज्याला ईश्वराचे दर्शन प्राप्त होते तो ‘कोम्प्रेहेन्सोर’, म्हणजे साध्य हस्तगत झालेला, ठरतो. पुण्य जोडणे, पाप करणे, पश्चात्ताप होणे हे सर्व वाटेवरच शक्य आहे, पोहोचल्यावर नाही. थॉमस अक्वायनस याने ख्रिस्त एकाच वेळी वाटसरू आणि पोहोचलेला होता का, असा प्रश्न घेऊन त्याचे होकारार्थी उत्तर दिले. देहाने दुःख भोगताना तो वाटेवर होता आणि ईश्वरदर्शनाने तो आधीच पोहोचलेला होता, असा त्याचा आशय आहे. म्हणजे ख्रिस्ती परंपरेनेही ‘असणे’ आणि ‘जाणे’ यांचे पूर्ण ऐक्य सामान्य माणसाच्या बाबतीत जीवनाच्या शेवटाशीच ठेवले; जिवंतपणी ऐक्य असण्याचा मान एकाच व्यक्तीला दिला.

जाण्याचे हे शास्त्र पोर्तुगीज गद्यात सर्वांत तीव्रतेने आले ते आंतोनियु व्हिएइरा या जेझुइट धर्मोपदेशकाच्या लेखनात. लिस्बनमध्ये 1608 साली जन्मलेला आणि ब्राझीलमधील साल्वादोर येथे 1697 साली वारलेला हा वक्ता 1655 मध्ये ब्राझीलच्या बाजूच्या मारान्यांव या वसाहतीतील कामावरून परत येऊन लिस्बनच्या राजप्रार्थनामंदिरात बोलला, आणि शुभवर्तमानातील पेरणाऱ्याच्या दृष्टान्तावरील ते प्रवचन पोर्तुगीज वक्तृत्वाचा मानदंड मानले जाते. दृष्टान्तात पेरणारा पेरण्यासाठी ‘निघाला’ असे म्हटले आहे, त्या निघण्यावरच व्हिएइराने बोट ठेवले: घरच्या शेतात पेरणारे आणि परमुलखात जाऊन पेरणारे हे सारखे नाहीत, दुसऱ्यांची पेरणीच नव्हे तर पावलेही मोजली जातील, असा त्याचा मुद्दा. राजवाडा या अर्थाचा ‘पासु’ आणि पाऊल या अर्थाचा ‘पासु’ हे शब्द पोर्तुगीजमध्ये सारखे ऐकू येतात, त्याचा उपयोग करून दरबारातल्या उपदेशकांना त्याने राजवाड्याचे आणि दूरदेशीच्या उपदेशकांना पावलांचे धनी ठरवले, तेही दरबारासमोरच. मग निघालेला पेरणारा परत का आला, हा श्रोत्यांच्या मनातला आक्षेप त्याने स्वतःच काढला, कारण परत आलेला तो स्वतःच होता. उत्तर त्याने बायबलमधूनच दिले: यहेज्केल या संदेष्ट्याला झालेल्या दर्शनातील सजीव प्राणी एके ठिकाणी मागे न वळणारे आणि दुसऱ्या ठिकाणी विजेसारखे जाऊन येणारे असे वर्णिले आहेत. व्हिएइराचा निष्कर्ष असा की विजेसारखे परतणे हे मागे फिरणे नसून पुढे जाणेच होय.

परतण्याचा हा प्रश्न पोर्तुगीज व्याकरणात अव्ययाच्या निवडीतच आहे. ‘वो आ लिस्बोआ’ म्हणजे लिस्बनला जाऊन यायचे आहे, मुक्काम थोडा आहे. ‘वो पारा लिस्बोआ’ म्हणजे तेथे राहायला जायचे आहे, किंवा परतण्याचा विचार या बोलण्यात नाही. पोर्तुगालमधील सावध वक्ता हा भेद पाळतो. ब्राझीलच्या बोलीत तो सैल झाला आहे. या कसोटीने पाहिले तर व्हिएइराचे लिस्बनला येणे ‘आ’चे होते, आणि गोव्यात आलेल्या थॉमस स्टीफन्सचे येणे ‘पारा’चे होते. इंग्लंडमध्ये जन्मलेला हा जेझुइट 1579 मध्ये गोव्याला आला तो परत गेलाच नाही. त्याचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ 1616 मध्ये रायतूर येथे छापले गेले, 1619 मध्ये तो वारला, आणि कोंकणीचे पोर्तुगीज भाषेत लिहिलेले त्याचे व्याकरण मरणानंतर, 1640 मध्ये प्रसिद्ध झाले. ज्याच्यासाठी पोर्तुगीज ही घरची भाषा नव्हती त्याने तिच्यातून कोंकणीची क्रियापदे समजावून दिली, ही गोष्ट जाण्याच्या फळांत मोजली पाहिजे. मात्र जाण्याचे फळ सर्वत्र असेच नव्हते: त्याच गोव्यात 1560 पासून इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायासन, काम करीत होते आणि ते 1812 पर्यंत चालले. जाणाऱ्याच्या पावलांचा हिशेब मांडणाऱ्या ईश्वरविद्येत, ज्यांच्या दारी ती पावले पोहोचली त्यांच्या संमतीचा रकाना नव्हता. व्हिएइरा मारान्यांवमधील मूळ रहिवाशांच्या गुलामीविरुद्ध झगडला आणि त्यापायी 1661 मध्ये वसाहतवाल्यांनी जेझुइटांना तेथून हाकलले, परंतु आफ्रिकी गुलामगिरीशी त्याने जुळवून घेतले. ही विसंगती त्याच्या वक्तृत्वाने झाकता येत नाही.

भविष्याच्या बाबतीत ‘ईर’चा धर्माशी आणखी एक संबंध आहे. आजच्या पोर्तुगीजमध्ये भविष्यकाळ बहुधा ‘ईर’च्या साहाय्यानेच बोलला जातो: ‘वो फाझेर’ म्हणजे ‘करणार आहे’, ‘वाय शोव्हेर’ म्हणजे ‘पाऊस पडणार’. जुना भविष्यकाळ ‘फारेय’ हा मात्र ‘करणे’ आणि ‘माझ्याकडे आहे’ या दोन पदांच्या संयोगातून घडला होता. म्हणजे पूर्वी भविष्य हे पदरी असलेले कर्तव्य होते, आता ते पुढची वाट आहे. नव्या करारातील याकोबाच्या पत्रात आज किंवा उद्या अमुक नगरात जाऊ आणि व्यापार करू असे खात्रीने बोलणाऱ्यांना बजावले आहे की प्रभूची इच्छा असेल तर, असे म्हणावे. उदाहरण जाण्याचेच आहे. पोर्तुगीज बोलण्यात ‘वो’च्या मागोमाग ‘से देउश किझेर’, म्हणजे ‘देवाने इच्छिले तर’, हे शब्द येतात ते या वळणाने, आणि ‘ओशाला’ हा इच्छादर्शक शब्द तर अरबीतील ईश्वरेच्छेच्या वचनावरून आला आहे. ‘वो’ हे इच्छेचे विधान आहे आणि त्याच्या पाठीमागे लावलेले संकेतार्थी रूप त्या इच्छेवरचा अंकुश. दोन्ही एकत्र असल्यावरच वाक्य धार्मिक दृष्टीने पुरे होते.

जाण्याची आज्ञा देणारे ‘ईदे’ (जा, अनेकांना उद्देशून) हे रूप याच क्रियापदाचे आहे. लॅटिन मिस्साच्या, म्हणजे कॅथलिक उपासनाविधीच्या, शेवटी दिल्या जाणाऱ्या निरोपाचा पहिला शब्द ‘इते’ होता, त्याचाच हा वंशज, आणि ‘मिस्सा’ हे नावही त्याच निरोपातून आले. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अखेरीस येशूने शिष्यांना सर्व राष्ट्रांकडे पाठवले त्या प्रसंगी मूळ ग्रीकमध्ये ‘जाणे’ हे आज्ञार्थी क्रियापद नसून ‘जाऊन’ अशा धर्तीचे धातुसाधित आहे आणि थेट आज्ञा ‘शिष्य करा’ एवढीच आहे. लॅटिन भाषांतराने ते धातुसाधित राखले, पण पोर्तुगीज भाषांतरांत त्या जागी ‘ईदे’ हे आज्ञार्थी रूप येते. ग्रीकमधील हे धातुसाधित आज्ञेचाच भार वाहते, असे अनेक व्याख्याते मानतात आणि त्यांचे म्हणणे वाऱ्यावर सोडता येत नाही. तरी जाणे ही आज्ञा मानली की न जाणे हे अवज्ञा ठरते, आणि जाणे हे केवळ शिकवण्याचे साधन मानले की शिकणाऱ्याच्या होकाराला जागा मिळते, हा फरक आशिया आणि ब्राझीलच्या इतिहासात लहान नव्हता. ‘ईदे’ ज्या ‘व्होश’ या अनेकवचनी सर्वनामाशी जुळते ते लिस्बनच्या आणि ब्राझीलच्या नित्य बोलण्यातून गेले आहे. उत्तर पोर्तुगालच्या काही बोली सोडल्या तर बहुतेक पोर्तुगीज भाषक हे रूप आता बायबलच्या वाचनात आणि मिस्साच्या शेवटीच ऐकतात.